दोन मोटारी, एक कोष्टक

घाटकोपर येथील आमच्या एका स्नेह्यांची इमारत पुनर्विकासासाठी पाडली जाणार आहे. उपनगरांत ही गोष्ट आता इतकी नित्याची झाली आहे की तिच्याविषयी वेगळे काही लिहिण्याचे कारण पडू नये. परंतु आमच्या स्नेह्यांपुढे या निमित्ताने एक विलक्षण पेच उभा राहिला. त्यांच्या आवारात वडिलांच्या वेळेपासून दोन मोटारी आहेत. एक १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी, दुसरी १९८८ सालची प्रीमियर ११८ एन.ई. नव्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडास मोटारीची एकच जागा मिळावयाची असल्यामुळे दोहोंपैकी एकीस निरोप देणे भाग आहे. कोणती ठेवावी यावर घरात एकमत होईना. तेव्हा त्यांच्या चिरंजीवांनी, जे स्वतः इंजिनीअर आहेत, एक कोष्टक तयार केले. डावीकडे पद्मिनी, उजवीकडे ११८, मध्ये चौदा ओळी. आणि प्रत्येक ओळीत जो आकडा सरस त्याच्याखाली तांबडी रेघ. अकरा रेघा ११८ कडे गेल्या. हे कोष्टक स्नेह्यांनी अभिप्रायासाठी आमच्याकडे धाडले.

पुस्तकांवर अभिप्राय देणाऱ्या माणसाकडे असला कागद पाठविण्यात त्यांचा हेतू काय होता हे त्यांचे त्यांना ठाऊक. पण तो दोन-तीनदा वाचल्यावर आमची खात्री झाली की, टीकाकाराने हात घालावा असाच हा मजकूर आहे. कोष्टकांविषयी आपल्याकडे दोन प्रकारची माणसे आढळतात. एक वर्ग तांबड्या रेघा मोजतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. दुसरा वर्ग, ज्यात लेखकमंडळींचा भरणा मोठा आहे, आकड्यांकडे पाहून नाक मुरडतो, आणि 'मोटारीला आत्मा असतो' अशासारखे काहीतरी म्हणून डोळे पुसू लागतो. या दोन्ही वर्गांनी कोष्टक वाचलेले नसते. आमची तक्रार आकड्यांविरुद्ध नाही. ते कोणी उलगडून पाहत नाही याविरुद्ध आहे.

पहिलीच ओळ घ्या. 'साल : १९७८ – १९८८.' म्हणजे दोहोंत अंतर दहा वर्षांचे, आणि नवी ती दहा वर्षांनी सुधारलेली, असा वाचकाचा समज होतो. वस्तुतः ही मोटारी कारखान्याबाहेर पडल्याची साले आहेत. त्या कल्पिल्या गेल्याची नव्हेत. पद्मिनी म्हणून जी मोटार आपण ओळखतो ती मुळात फियाट कंपनीची ११००. दान्ते जिआकोसा या इटालियन अभियंत्याच्या देखरेखीखाली तिचा आराखडा झाला आणि १९५३ साली ती जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली गेली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९५४ पासून तयार होऊ लागली. पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारी ती सुरुवातीची मोटार मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' या नावाने अमर केली आहे. १९६४ साली तिला नवा घाट मिळाला, दरवाजे सरळ झाले. १९७४ साली तिचे नाव पद्मिनी पडले. म्हणजे १९७८ ची ही मोटार आपल्या घाटाने १९६२ च्या इटलीतील आहे, आणि आणखी खोल गेल्यास याहून जुनी आहे, ते पुढे येईलच.

११८ ची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची. १९८५ साली बाजारात आली तेव्हा ती नवी मोटार म्हणून आली. तिची पेटी फियाट १२४ ची. ही १२४ इटलीत १९६६ साली निघाली, १९६७ साली युरोपातील त्या वर्षीची सर्वोत्तम मोटार म्हणून गौरविली गेली आणि १९७४ साली तिचे तेथील उत्पादन थांबलेही. तिचे पत्रे ठोकण्याचे साचे आपल्याकडे आले ते स्पेनच्या सेआट कंपनीकडून. इंजिन मात्र जपानच्या निसानचे, नावातील 'एन.ई.' ही अक्षरे त्याचीच खूण. इटालियन देह, स्पॅनिश साचे, जपानी हृदय आणि मराठी मुलखातला जन्मदाखला! तेव्हा सालांच्या ओळीत दहा वर्षांचे अंतर लिहिणे म्हणजे ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीचे साल पाहून ग्रंथकाराचा काळ ठरविण्यासारखे आहे.

आता इंजिनाची ओळ. चिरंजीवांनी लिहिले आहे : '१०८९ घन सें.मी. – ११७१ घन सें.मी.' आणि तांबडी रेघ उजवीकडे. फरक ८२ घन सेंटीमीटरांचा, म्हणजे शेकडा आठाहूनही कमी. एवढ्यावर रेघ मारून पुढे जाणे म्हणजे या कोष्टकातील सर्वांत बोलका मजकूर न वाचताच पान उलटणे होय. हे १०८९ आले कोठून? पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि त्यात वरखाली होणाऱ्या पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ही दोन मापे १९५३ चीही नव्हेत. फियाटने १९३७ साली काढलेल्या ५०८ सी नावाच्या मोटारीत हीच ६८ आणि ७५ ची जोडी होती. इटलीत १९६२ साली ११०० ला अधिक मोठे, १२२१ घन सेंटीमीटरांचे इंजिन बसविले गेले. आपल्याकडे नवा घाट आला तो मात्र जुन्याच इंजिनासह. दुसऱ्या महायुद्धापूर्वी कोणा इटालियनाने ठरविलेली लांबी-रुंदी कुर्ल्यात एकविसावे शतक उजाडेपर्यंत ओतली जात होती, ही गोष्ट त्या चार आकड्यांत लपलेली आहे.

निसानच्या इंजिनात व्यास ७३ आणि धाव ७०. येथे प्रमाण उलटले : व्यास मोठा, धाव आखूड. हे इंजिन १९७० च्या सुमाराचे. दोहोंमधील खरे अंतर ८२ घन सेंटीमीटरांचे नसून या उलटलेल्या प्रमाणाचे आहे. लांब धावेचे इंजिन साधारणपणे मंद गतीवरही नेटाने ओढते. त्याला पळावयास लावले की त्रासते. आखूड धावेचे इंजिन पळण्यात सुख मानते. दोन्ही इंजिने मिनिटाला ४८०० फेरे या वेगाने फिरविली तर पद्मिनीच्या पिस्टनला सेकंदाला सरासरी १२ मीटर धावावे लागते, निसानच्या पिस्टनला ११.२. अधिक शक्ती देणारे इंजिन कमी धावून ती देते. याचा अर्थ त्याची झीजही कमी. त्यात भर म्हणजे, पद्मिनीचा क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगांवर तोललेला आहे, निसानचा पाच. तीन खांबांवरचा लांब वासा आणि पाच खांबांवरचा वासा यांतील फरक कोणाही सुताराला समजतो. ही बेअरिंगांची ओळ कोष्टकात नाहीच. आमच्या मते ती पहिली असावयास हवी होती.

अश्वशक्तीच्या ओळीत चिरंजीवांची थोडी फसगत झाली आहे. दोष त्यांचा नाही. पद्मिनीची अश्वशक्ती कोठे ४० दिलेली आढळते, कोठे ४७. त्यांनी ४७ घेतली, आणि ११८ ची ५२. त्यामुळे फरक किरकोळ भासला. जुन्या अमेरिकन मोजणीत पंखा, जनित्र वगैरे परिवार बाजूला काढून नुसत्या इंजिनाची ताकद मोजीत. युरोपातील मोजणीत तो परिवार अंगावर घेऊन. अंगरखा उतरवून तोललेला पहिलवान आणि अंगरख्यासह तोललेला पहिलवान यांची तुलना करण्याची चूक मोटारींच्या जाहिरातींत वर्षानुवर्षे चालत आली आहे. पद्मिनीचा आकडा ४० धरला तर ११८ ची शक्ती शेकडा तीसने अधिक भरते, आणि तीही शेकडा आठाहून कमी वाढलेल्या घनफळातून. दोन इंजिनांमधील तीस-पस्तीस वर्षे माणसे नुसती बसून नव्हती, हे येथे आकड्याने सिद्ध होते. या ओळीखाली चिरंजीवांनी दोन रेघा मारल्या असत्या तरी आमची हरकत नव्हती.

मग बोर घाटात काय होत असे? ज्यांनी पद्मिनीतून पुण्यास जाण्याचे सुख अनुभवले आहे त्यांना हा प्रश्न विचारण्याची गरज नाही. मे महिन्यात सहा माणसे आणि लग्नाच्या ट्रंका घेऊन चढणारी पद्मिनी शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबे. ते पैसा टाकण्यासाठी जितके, तितकेच रेडिएटर निवविण्यासाठीही. पण थांबून, पाणी पिऊन ती पुन्हा चढे. आणि रोजच्या अंधेरी-कुर्ला रस्त्यावर, जेथे पायी चालणारा मोटारीस मागे टाकतो, तेथे तिची ती ७५ मिलिमीटरांची लांब धावच कामी येई : तिसऱ्या गिअरमध्ये रांगत जावे, पुन्हा वेग धरावा, आणि गिअरला हात लावू नये. तिला पळण्याची सक्ती होईल असे रस्तेच आपल्याकडे नव्हते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला, तेव्हा पद्मिनीचे उत्पादन थांबलेले होते. तिच्या तीन बेअरिंगांची परीक्षा घेणारा परीक्षक वेळेवर हजरच झाला नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

कमानींच्या ओळीत चिरंजीवांचा निवाडा आम्हांस मान्य आहे. पद्मिनीला मागे कमानपाटे, ११८ ला मागेही गुंडाळीच्या स्प्रिंगा. पाठ दुखणाऱ्या माणसाला यावर भाष्य नको. दोन चाकांमधील अंतर २३४० मिलिमीटर व २४२०. रुंदी सुमारे १४६० व १६१०. रुंदीतील १५ सेंटीमीटर म्हणजे मागच्या आसनावर तिघांपैकी मधल्याला खांदे आत ओढावे लागतात की नाही, एवढा प्रश्न आहे. आणि तो लहान नव्हे. तेथेही ११८ सरस.

उंचीच्या ओळीत मात्र चिरंजीवांनी कमी उंची ही सुबक समजून रेघ ११८ कडे मारली, येथे आमचा त्यांच्याशी मतभेद आहे. पद्मिनी सुमारे १४७० मिलिमीटर उंच, १२४ ची पेटी १४२० च्या आसपास. हे पाच सेंटीमीटर कोणाच्या उपयोगाचे? ज्या काळात या मोटारी विकल्या गेल्या त्या काळी मोटार ही एकट्या पुरुषाने चालविण्याची वस्तू नव्हती. तीत घरातील वृद्ध स्त्री नऊवारी लुगडे सावरीत, एका हाताने दार धरीत चढत असे. पद्मिनीत ती खुर्चीवर बसल्यासारखी बसे. ११८ मध्ये तिला आधी वाकावे लागे आणि मग खाली टेकावे लागे. उतरताना तर कोणीतरी हात द्यावा लागे. मोटारीची उंची कमी करणाराच्या मनात वारा असतो. ती जास्त ठेवणाराच्या मनात गुडघे असतात. आकडा तोच, तांबडी रेघ कोणत्या बाजूस मारावी हे मारणाराच्या वयावर अवलंबून आहे.

तसेच आसनांचे. कोष्टकात दोन्हीकडे 'आसनसंख्या ५' असून रेघ कोणाकडेच नाही. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, हाताशी. आणि पुढचे आसन एका अखंड बाकाचे. त्यामुळे चालकाच्या शेजारी दोन माणसे आणि एखादे मूल सहज मावे. ११८ चा गिअर जमिनीवरून वर आलेला आणि पुढे दोन स्वतंत्र खुर्च्या. अखेरच्या वर्षांत पद्मिनीलाही जमिनीवरचा गिअर आला व तिचे बाक गेले, तेव्हा पुष्कळांना ती सुधारणा वाटली. सुधारणा होतीच. त्या बाकावर मधोमध बसलेल्या मुलाला अडविण्यास पुढे काहीही नव्हते, पट्टाही नव्हता. आपण ज्याला आज कौटुंबिक जिव्हाळा म्हणून आठवतो, त्यातला मोठा भाग निव्वळ दैवाच्या भरवशावर चालला होता, हे लिहिताना आमच्या अंगावर काटा येतो. कारण त्या मधल्या जागेवर आम्हीही पुष्कळदा बसलेलो आहोत.

येवढे सर्व ११८ च्या बाजूने असता लोकांच्या मनात तिला घर का मिळाले नाही? ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा वृत्तपत्रांनी मोठा शोक केला. ११८ कधी गेली हे कोणास सांगताही येणार नाही. याचे उत्तर देताना नेहमी असे म्हटले जाते की, मोटार परकी होती, तिला येथील माती मानवली नाही. हे आम्हांस पटत नाही. तीच फियाट १२४ रशियाने घेतली; १९७० पासून व्होल्गाकाठच्या तोल्यात्ती गावी ती वेगळ्या नावाने होऊ लागली, आणि तिचा वंश तेथे २०१२ पर्यंत चालला. फरक असा की, रशियनांनी तिला घरात घेताना तिच्या अंगाला हात लावला : पत्रा जाड केला, जमिनीपासून उंच उचलली, मागचे डिस्क ब्रेक काढून चिखलात टिकणारे ड्रम बसविले, इंजिनही नवे केले. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला तो याच रीतीने. नावे बदलून ते थांबले नाहीत, माणसेच इकडची केली. आपल्या ११८ मध्ये इंजिन उत्तम आले, पण ते एका परक्या देहात दुसरा परका अवयव बसवावा तसे आले. हे रूपांतर नव्हे, जोडकाम आहे. जोडकाम चांगले असू शकते, आणि हे होतेच. पण जोडकामावर कोणी लळा लावीत नाही.

शिवाय पद्मिनीला चौतीस वर्षांची आघाडी होती. १९८८ साली स्नेह्यांच्या वडिलांनी ११८ घेतली तेव्हा १०८९ चे इंजिन कुर्ल्याच्या परिसरात १९५४ पासून उघडले-मिटले जात होते. घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या गल्ल्यांतून असा मिस्त्री नव्हता ज्याचा हात डोळे मिटूनही त्या इंजिनावर चालला नसता. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुन्या भागांच्या दुकानांत तिचा कोणताही अवयव, नवा नसला तरी कोणाच्या तरी अंगावरचा, मिळून जाई. हे ज्ञान मोटारीत नसते, मोटारीभोवती असते. त्याला मिलिमीटर लावता येत नाहीत. ते कोष्टकात नाही म्हणून आम्ही चिरंजीवांना दोष देत नाही. दोष आम्ही देतो तो शोकलेख लिहिणारांना. हे चौतीस वर्षांचे ज्ञान त्यांनी मोटारीचा गुण म्हणून तिच्या पदरात घातले. ते खरे तर परवान्यांच्या त्या राज्याचे फळ होते, ज्यात ग्राहकाला दुसरी मोटार निवडण्याची सोयच फारशी नव्हती. वर्गात दोनच मुले असली की पहिला नंबर काढणाराचे कौतुक बेताने करावे. १९८३ च्या डिसेंबरात ७९६ घन सेंटीमीटरांची, तीन सिलिंडरांची मारुती आली आणि वर्गाची पटसंख्या वाढली. त्यानंतर काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. कुर्ल्याच्या त्या कारखान्याच्या जागी कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत.

आमचा अभिप्राय आम्ही स्नेह्यांना लेखी कळविला, तो असा : यंत्र म्हणून ११८ निःसंशय श्रेष्ठ आहे, आणि कोष्टकातील रेघांपेक्षाही अधिक अंतराने श्रेष्ठ आहे. ठेवावयाची एकच असेल तर तीच ठेवावी. मात्र आमचे कारण श्रेष्ठत्वाचे नाही. पद्मिनीला घर मिळेल. हौशी लोक तिच्या शोधात फिरत असतात, चित्रपटवाले तिला भाड्याने नेतात, तिच्यासाठी भाग अजून हुडकता येतात. ११८ आज दारातून बाहेर काढली तर ती सरळ भंगारवाल्याच्या काट्यावर जाईल आणि किलोने विकली जाईल. ज्या पोथीच्या प्रती घरोघर आहेत ती हातून गेली तरी चालते. जिची दुसरी प्रत सहसा दिसत नाही ती, रसाळ नसली तरी, ठेवावी लागते. सोबत एवढेही लिहिले की, दोहोंपैकी जी राहील तिच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या आधी बदलाव्यात. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ना १९३७ च्या इंजिनाला ठाऊक होते ना १९७० च्या.

चिरंजीवांना अभिप्राय आवडला असे कळते. बेअरिंगांची ओळ त्यांनी कोष्टकात घातली आहे आणि अश्वशक्तीचा आकडाही दुरुस्त केला आहे. स्नेह्यांचे अद्याप ठरत नाही. त्यांच्या मातोश्री यंदा सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी कोष्टक वाचलेले नाही; पण उंचीच्या ओळीसंबंधी आम्ही लिहिलेले त्यांना वाचून दाखविण्यात आले तेव्हा त्यांनी 'मग एवढे लिहिले कशाला?' असे विचारले, आणि पद्मिनीची किल्ली आपल्या फडताळात नेऊन ठेवली.